व्हॉल्व्हची चावी कुणाकडे? पाण्याच्या आणि सिंचनाच्या कामात बायकांना खरोखर कसं आणायचं

पाण्याच्या प्रोजेक्टवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, बायकांचा सहभाग आहे का, लगेच फाईल निघते. समितीत अकरापैकी चार बायका, सह्या आहेत, फोटो आहेत, फोटोत त्या पुढच्या रांगेत बसल्यात. मी स्वतः अशा फाईली केल्यात, त्यामुळे कुणाला नावं ठेवायला बसलो नाहीये. पण नंतर मी एक सवय लावून घेतली, गावात गेलं की यादी मागायच्या आधी विचारायचं, व्हॉल्व्हची चावी कुणाच्या घरी असते? आणि ते घर बंद असलं तर काय करता? या दोन प्रश्नांतच निम्मं कळतं, कारण पाणी यादीतून येत नाही, व्हॉल्व्हमधून येतं.

खाली जे लिहितोय ते नळ योजना, उपसा सिंचन, कालव्यावरची पाणी वापर संस्था (म्हणजे कालव्याचं पाणी आपसात वाटून घेणारी शेतकऱ्यांची संस्था), सगळ्यांना थोड्याफार फरकाने लागू पडेल. तुम्ही संस्थेत असा, खात्यात असा किंवा गावातल्याच समितीत, जमेल तेवढं उचला.

सुरुवात सर्व्हेपासून, कारण पहिली चूक तिथेच होते

सर्व्हेचा फॉर्म 'कुटुंबप्रमुख' या शब्दाने सुरू होतो, आणि कुटुंबप्रमुख म्हणजे दारात खुर्चीवर बसलेला माणूस. तो सांगतो आमचं इतकं क्षेत्र, इतकी जनावरं, पाणी पुरत नाही. झालं, पुढचं घर. पण हंडा कोण आणतं, रात्री दारं धरायला कोण जातं, नवरा बाहेरगावी कामाला असेल तर मोटर कोण सुरू करतं, हे त्याला विचारलं तरी तो 'आम्ही' म्हणून सांगणार. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालात आहे की जिथं घराबाहेरून पाणी आणावं लागतं अशा दर १० घरांपैकी ७ घरांत ते काम बायका आणि मुलींकडे असतं. २० लिटरचा हंडा म्हणजे २० किलो वजन, वर भांड्याचं वेगळं, आणि दिवसाच्या खेपा किती ते प्रत्येकीने मोजून ठेवलेलं असतं, फक्त कुणी विचारत नाही.

त्यामुळे बायकांशी वेगळं बोला, आणि बोलायला शक्यतो बाईच पाठवा. मी पुरुष आहे, मी विचारलं की उत्तर येतं 'सगळं चांगलंय', आणि माझी सहकारी विहिरीपाशी नुसती तासभर बसून आली की डायरीची चार पानं भरलेली असायची. यात माझं काही चुकतं असं नाही, पण हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली.

नकाशा काढायला लावणं हा सगळ्यात उपयोगी प्रकार. पुरुषांचा एक गट, बायकांचा एक, जमिनीवर रांगोळी, खडे, काड्या, जे हाताशी असेल त्याने. एका गावात पुरुषांचा नकाशा अर्ध्या तासात तयार, मुख्य कालवा, चाऱ्या, गेट, कुणाचं क्षेत्र कुठं संपतं, अगदी इंजिनिअरला लाजवेल असा. बायकांच्या नकाशात चारी म्हणजे एकच वाकडी रेघ होती पण तिच्यावर सात खडे ठेवलेले. हे काय म्हणून विचारलं तर म्हणे, दोन ठिकाणी धुणं, दोन ठिकाणी जनावरं पाण्यावर नेतो, एक ठिकाण परसातल्या भाजीला पाणी वळवायचं, आणि शेवटचे दोन खडे जिथं सिमेंटचा उतार इतका गुळगुळीत झालाय की शेवाळावरून पाय जातो, तिथं एक पोरगी पडली होती. आमच्या कागदावर तिथं आणखी तीनशे मीटर लायनिंग, म्हणजे सिमेंटचं अस्तर, होतं. पायरी एकही नव्हती! डिझाईनमध्येच पायऱ्या टाकल्या तर खर्च किरकोळ असतो, लायनिंग झाल्यावर फोडून करायच्या म्हटलं की कुणीच करत नाही, आणि बायका आणखी लांब चालत जातात.

यातून पुढचा मुद्दा, की पाणी एका कामाचं नसतं. सिंचन खात्याचं पाणी पिकाला आणि पाणीपुरवठ्याचं पाणी पिण्याला ही वाटणी ऑफिसात असते, घरात नाही. कोलंबोमध्ये मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्था वगैरे मंडळी बरीच वर्षं सांगतायत की योजना आखतानाच घरचं, जनावरांचं आणि छोट्या बागेचं पाणी एकत्र धरा, नेपाळच्या डोंगराळ भागात तसं केलंय सुद्धा, एकाच योजनेतून घरासाठी नळ आणि भाजीसाठी ठिबक. ही भाजी बऱ्याचदा बाईच्या हातातली असते आणि तिचे पैसेही तिच्याच हातात येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून डिझाईनमध्ये हे 'एक्स्ट्रा' समजून शेवटी कापू नका.

सभासद कोण? इथं खरं भांडण आहे

बहुतेक पाणी वापर संस्थांचा नियम एका ओळीचा असतो, लाभक्षेत्रात, म्हणजे योजनेचं पाणी पोचतं त्या भागात, ज्याच्या नावावर जमीन तो सभासद. वाचायला एकदम साधं आणि न्याय्य वाटतं. पण जमीन बायकांच्या नावावर किती असते ते आपल्याला माहितीये. म्हणजे मतदान, कर्ज, पाण्याच्या पाळीची नोंद, भरपाई, सगळं त्या एका ओळीने बाईपासून तोडलं, आणि नंतर आपण विचारतो बायका मीटिंगला का येत नाहीत. सभासदच नाही तर येऊन करणार काय, सतरंजीवर बसून ऐकणार?

तर संस्थेची घटना किंवा उपविधी, म्हणजे तिचे नियम, लिहिले जातायत त्याच वेळी हे बदला, नंतर बदलायला सर्वसाधारण सभा लागते आणि त्या सभेत मत असतं ते आधीच्या सभासदांना, हसू येतं पण असंच असतं. पर्याय बरेच आहेत. घरटी दोन सभासद, एक बाई एक पुरुष. किंवा जमीन कुणाच्याही नावावर असो, जो कसतो तो सभासद, म्हणजे वाट्याने करणारी आणि नवरा बाहेर असलेली दोघी येतात. किंवा घरगुती पाणी वापरणाऱ्यांचा वेगळा सभासद वर्ग, पूर्ण मतासह. 'सहयोगी सभासद' नावाचा बिनमताचा प्रकार कुणी सुचवला तर नको म्हणा, तो मानाचा पाट आहे, त्यावर बसून पाणी मिळत नाही. आणि तुमच्याकडच्या कायद्यातच जमीनमालकीची अट असेल तर मग सातबारावर बायकोचं नाव लावण्यापासून काम सुरू करावं लागतं, ते हळू होतं पण त्याला शॉर्टकट नाहीये.

जमिनीपासून पाणी वेगळं करता येतं हे काही हवेतलं नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तिथं पाण्याचा वाटा एकरावर नव्हता, घरातल्या माणसांवर होता, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, भूमिहीनांनाही हक्क आणि उसाला पाणी नाही. माणसं मोजायला लागलात की बाई आपोआप मोजली जाते.

आता उलटं उदाहरण, आणि हे प्रत्येक प्रोजेक्टवाल्याने ऐकावं. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात जहाली-पाचार नावाचा भाताच्या सिंचनाचा मोठा प्रकल्प १९८० च्या दशकात झाला. त्या पाणथळ जमिनीत भात लावायच्या त्या मुळात बायका, पण प्रकल्प आला आणि प्लॉट पुरुषांकडे चालले. बायकांनी आवाज उठवला, मग प्लॉट बायकांच्या नावाने नोंदले गेले. सगळे खूश. पण त्याच प्लॉटना 'घराची सामायिक जमीन' ठरवलं आणि सामायिक जमिनीवर तिथं ताबा घरातल्या कर्त्या पुरुषाचा, तर नाव बाईचं, राबणार बाई, वर्षातून दोन पिकं म्हणजे राबणं आणखी वाढलं, आणि पीक कर्त्याच्या हातात. पुढे बायकांनी काम करायला नकार दिला, मजुरी मागितली, भांडणं झाली. नाव लावलं म्हणजे काम संपलं असं समजणाऱ्याने हे आठवावं. त्याच्या उलट बुर्किना फासोत दाकिरी इथं एकेका कर्त्याला मोठा प्लॉट देण्याऐवजी लहान लहान प्लॉट बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळे दिले, आणि बायका सिंचनाची शेती पुरुषांइतकीच चांगली करतात हे दिसलं. साधं गणित आहे, आपल्या प्लॉटवर माणूस मन लावून राबतो.

मीटिंग

मीटिंगबद्दल सगळे लिहितात त्यामुळे वेळ-जागा पटकन सांगतो. वेळ बायकांना विचारून ठरवा, जागा अशी की जिथं त्या एरवीही सहज जातात, पोरं सोबत आली तर चालतील, दीड तासात संपवा, आणि निरोप नवऱ्यामार्फत देऊ नका कारण तो रस्त्यात हरवतो. माझी एक मीटिंग सकाळी अकराला होती, रजिस्टरवर चाळीस सह्या, मी भलताच खूश. संध्याकाळी कळलं की कालव्याच्या टोकाच्या, म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं त्या शेतांवरची एकही बाई नव्हती, त्या सगळ्या मजुरीला गेल्या होत्या आणि त्यांच्या सह्या जावांनी केल्या होत्या.

यावरून आठवलं, 'बायका' असा एकच गट नसतो. कालव्याच्या तोंडाशी दहा एकर असलेल्या घरातली बाई आणि टोकाला वाट्याने करणारी विधवा, दोघींचं हित एक नाही, उलट पहिलीने जास्त पाणी घेतलं की दुसरीचं जातं. समितीत चार बायका घ्यायच्या तर त्यातल्या दोन टोकाच्या हव्यात आणि एक भूमिहीन हवी, नाहीतर सगळ्या जागा पुढाऱ्यांच्या घरात जातात आणि आपण म्हणतो कोटा भरला.

कोट्याबद्दल बोलायचं तर मी कोट्याच्या बाजूने आहे. नेपाळने पाणी वापर संस्थांच्या समितीत किमान ३३ टक्के बायका असा नियम केलाय. आणि अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी भारत-नेपाळच्या वन समित्यांचा जो अभ्यास केला त्यात साधारण पाव ते एक तृतीयांश बायका झाल्या की त्यांचं बोलणं आणि येणं स्पष्ट वाढतं असं आढळलं. एकटी बाई बोलली तर सगळे वळून बघतात, तिसरी बोलली की कुणी बघत नाही. पण नुसती जागा नको, पद द्या. खजिनदार, किंवा चेकवर सही करणाऱ्या दोघांपैकी एक. सही लागते म्हटल्यावर तिच्याशिवाय काम अडतं, मग मीटिंगची वेळ आपोआप तिला विचारून ठरते.

अजेंड्यात पहिला विषय त्यांचा ठेवा, शेवटचा नको, शेवटी सगळे उठून जातात. मीटिंगच्या दोन दिवस आधी फक्त बायकांची बैठक घ्या, काय मागायचं आणि कोण बोलणार ते तिथंच ठरू दे, पाठांतर झालं तरी चालेल. आणि प्रोसिडिंग वाचून दाखवा. कितीतरी वेळा बोललेलं लिहिलंच जात नाही, 'महिलांनी सूचना मांडल्या' एवढंच असतं, कुठली सूचना, ठराव झाला का, काहीच नाही.

एक गोष्ट मात्र उलटी आहे ती सांगायलाच हवी. नेपाळमध्ये छत्तीस मौजा म्हणून शेतकऱ्यांनीच चालवलेली जुनी सिंचन व्यवस्था आहे, तिथं अभ्यासकांना दिसलं की बायका संस्थेच्या मीटिंगला जवळपास नाहीतच, पण कालव्याच्या तोंडाकडच्या भागात त्यांना पाणी व्यवस्थित मिळतंय, उलट वाट्यापेक्षा जास्त घेतायत आणि दुरुस्तीच्या श्रमदानाला माणूस कमी पाठवतायत. म्हणजे बाहेर राहणं त्यांच्या फायद्याचं होतं! त्यामुळे बाई येत नाही म्हणजे ती दबलेली आहे असं लगेच धरू नका, विचारा की आल्याने तिला काय मिळणार आहे. उत्तर 'काही नाही' असेल तर मीटिंगमध्ये बदल करा, तिला ओढत आणू नका.

पाळी, रात्र आणि पान्हा

पाळीपत्रक, म्हणजे कुणाच्या शेताला कधी पाणी याचं वेळापत्रक, हा सगळ्यात कोरडा कागद, पण माझ्या मते बायकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. रात्री दोनची पाळी आली की पुरुष बॅटरी घेऊन जातो. एकटी बाई काय करते? शेजाऱ्याला विनवते, मजूर लावते, किंवा पाळी सोडून देते आणि पाणीपट्टी मात्र भरते. त्यात वरच्याने मध्येच चारी फोडली तर रात्री भांडायला कोण जाणार? पंजाब-हरियाणाकडे वाराबंदी नावाची पाळीची पद्धत आहे, तीत आठवड्याच्या १६८ तासांचं वेळापत्रक असतं आणि ते वर्षातून एकदा १२ तासांनी सरकवतात, म्हणजे ज्याची पाळी रात्री त्याची पुढच्या वर्षी दिवसा. ही आयडिया आपल्या पाळीपत्रकात घ्या, वर्षाची वाट न बघता दर आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पाणी सुटेल त्या प्रत्येक वेळी, सरकवता आली तर उत्तमच. एकट्या बायकांना दिवसाची पाळी राखून ठेवायचा ठराव करता येतो, मी एका ठिकाणी करून घेतला, आधी कुरकुर झाली, मग एक म्हातारे म्हणाले मलाही दिवसाची द्या, रात्री दिसत नाही, आणि तिथून पुढे विरोध ढेपाळला. दोघी-तिघींच्या लगतच्या पाळ्या जोडून देणं हा पण सोपा उपाय आहे, सोबत होते.

तंत्राचं पण तसंच आहे. हातपंप घ्या, इंडिया मार्क दोनमध्ये खालची दुरुस्ती करायची तर अख्खा पाईप वर ओढावा लागतो, त्याला गडी लागतात, गाडी लागते, आठवडा जातो. मार्क तीनमध्ये पाईप जागेवर ठेवून आतला पिस्टन वर काढता येतो, म्हणजे गावातल्या दोन-तीन बायका पान्हा घेऊन दुपारी काम उरकतात. बायका मेकॅनिक होऊ शकत नाहीत असं म्हणणाऱ्यांना गुजरातचा बनासकांठा दाखवा, तिथं 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या बायका हातपंप दुरुस्त करतात. त्यामुळे खरेदीच्या आधी व्हॉल्व्हचं चाक, स्टार्टर, गेट, सगळं एकदा बाईच्या हाताने फिरवून बघा. गेट उचलायला दोन माणसं लागत असतील तर ते गेट बायकांचं होणारच नाही. आणि उत्साहाच्या भरात चमकदार काही घेऊ नका, पोरांनी चक्रावर खेळायचं आणि पाणी वर यायचं असा एक पंप आफ्रिकेत बराच गाजला होता, पोरं खेळून कंटाळली की ते चक्र मोठ्या बायकांना गोल फिरत ढकलावं लागायचं.

पैसे आणि फुकटचं काम

इथं सावध राहा. 'बायकांना सामील करा' याचं भाषांतर पुष्कळदा 'पाणीपट्टी गोळा करायला, टाकीभोवती झाडायला, क्लोरीन टाकायला बायका' असं होतं, आणि पाईपची खरेदी, ठेकेदार, बिलं पुरुषांकडे. ज्या कामाचे पैसे पुरुषाला दिले असते ते बाईलाही द्या, तेवढेच, आणि तिच्या स्वतःच्या खात्यावर. श्रमदानाच्या वहीत बाईचा दिवस अर्धा लिहितात, ते थांबवा. लोकवर्गणी घरटी घेतलीत तर पावतीवर दोघांची नावं टाका, उद्या सभासदत्वाचा वाद झाला की ती पावती कामाला येते.

घरात कटकट होऊ शकते हेही धरून चाला. ट्रेनिंगला दोन दिवस बाहेर गेली, पैसे तिच्या खात्यावर आले, कुणाला तरी खुपतं. म्हणून घरच्या लोकांशी आधी बोला, लपवून काही करू नका, आणि ती थांबूया म्हणाली तर थांबा, तिला तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते.

झालं का ते कसं बघायचं

हजेरीचे आकडे सोडा. एका हंगामानंतर जा आणि चार-पाच गोष्टी बघा. टोकाच्या बायकांच्या शेतात ठरलेल्या पाळीला पाणी पोचलं का, पाळीपत्रक आणि शेत समोरासमोर ठेवून. बायकांनी मांडलेल्या किती ठरावांवर काम झालं, नुसते मांडलेले मोजू नका. बिघाड झाल्यावर पाणी किती दिवसांनी परत आलं. बायकांचा पाण्यामागे जाणारा वेळ कमी झाला की मीटिंग-वसुली धरून उलट वाढला, हे त्यांनाच विचारा, आणि वाढला असेल तर ते प्रामाणिकपणे रिपोर्टमध्ये लिहा. १९९२ च्या डब्लिनच्या पाणी परिषदेत चार तत्त्वं मांडली गेली, त्यातलं तिसरं बायकांच्या भूमिकेवर होतं, तेव्हापासून प्रत्येक रिपोर्टमध्ये ते वाक्य येतं, पण वेळ वाढल्याचं कुणी लिहीत नाही.

आणि चावी. पहिल्याच महिन्यात लोहाराकडून व्हॉल्व्ह फिरवायची दुसरी टी-चावी बनवून घ्या, ती समितीतल्या टोकाकडच्या बाईच्या घरी ठेवायची असा ठराव करा, ठरावात घर लिहा, नाव लिहा. मग एखाद्या पाळीच्या दिवशी न सांगता जा आणि व्हॉल्व्हपाशी उभे राहा. एका ठिकाणी गेलो तर चावी बाईच्याच घरी होती, खुंटीला, ठरावाप्रमाणे, पण व्हॉल्व्ह फिरवत होता तिचा दीर, कारण व्हॉल्व्ह गंजला होता आणि ग्रीस आणायचे पैसे समितीने मंजूर केले नव्हते. तेव्हा ठरावात ग्रीसचा डबा पण लिहा.